बंद खोक्यांचा खप

माझा मुलगा प्रेमानंद जेवताना आकडे वाचतो. एका हाताने भाकरी मोडतो, दुसऱ्या हातात फोन धरतो, आणि घास तोंडात असतानाच सांगतो की या महिन्यात वसमत तालुक्यात निळ्यांचे कॉम्प्युटर किती गेले आणि लालवाल्यांचे किती. निळी म्हणजे तो ज्या कंपनीचा माल विकतो ती. लाल म्हणजे रस्त्यापलीकडच्या दुकानाची. दोन्ही कंपन्यांना मोठी इंग्रजी नावं आहेत, पण आमच्या गावात पाटीच्या रंगावरूनच बोलतात. सून पल्लवी वाढता वाढता विचारते, मागल्या मार्चपेक्षा जास्त आहेत का कमी. वरणात मीठ विसरलं आहे हे दोघांच्याही लक्षात येत नाही. मी उठून मीठ घेऊन येते आणि मुकाट्याने जेवते. त्या आकड्यांची मला शिसारी येते, पण ताटावर बसून ते बोलायचं नाही म्हणून गप्प राहते.

कॉम्प्युटरची मला शिसारी नाही, हे आधीच सांगते. आमच्या गल्लीत पहिला कॉम्प्युटर आमच्याच घरी आला. माझे पती भीमराज यांचा टायपिंगचा क्लास होता. मी लग्न होऊन आले तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत ओळीने टाइपरायटर मांडलेले होते आणि सकाळपासून खडखड चाले. शिकणाऱ्याने बटणांकडे पाहू नये म्हणून ते प्रत्येकाच्या हातांवर पुठ्ठ्याचा आडोसा लावत. बोटांना बटणं ओळखू द्या, डोळ्यांचं तिथे काही काम नाही, असं म्हणत. मीही त्याच पुठ्ठ्याखाली शिकले, आणि मग त्यांच्याबरोबर शिकवू लागले. मुलं मला बाई म्हणत. आजही गावात अर्धे कारकून मला बाईच म्हणतात.

पहिला कॉम्प्युटर आम्ही नांदेडहून जीपमधून आणला. लग्नातल्या रजईत गुंडाळून मी तो मांडीवर धरून बसले होते, आणि रस्त्यात खड्डा आला की भीमराज ड्रायव्हरवर ओरडत. हळदीचा हंगाम होता. शेजारी हळद पॉलिश करायचा ढोल फिरत होता आणि त्याची पिवळी धूळ सगळ्या गल्लीत उडत होती. ती धूळ आत जाऊन यंत्र बिघडेल म्हणून आम्ही खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या. मुलं चपला बाहेर काढून आत येत. कंपनी कोणती, हे एकानेही विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, यात आपलं नाव लिहिता येतं का. येतं म्हटल्यावर ज्याने त्याने आपलं नाव लिहून पाहिलं, आणि काहींनी आईचंही.

त्या मुलांत प्रेमानंद होता, आणि मागच्या गल्लीतला रतनसिंग होता. दोघांना मिळून एक स्टूल. एकाने बटणं दाबायची, दुसऱ्याने माउस फिरवायचा, आणि मग जागा बदलायची. रतनची आई चतुराबाई दोघांसाठी धपाटे घेऊन यायची. धपाट्याचे तेलकट हात यंत्राला लागू नयेत म्हणून ती स्वतःच्या पदराने दोघांची बोटं पुसायची, मग दारात बसून माझ्याशी गप्पा मारायची. अशी मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही.

मोठे झाल्यावर दोघांनी मिळून दुकान काढलं. तिथे सगळ्या कंपन्यांचा माल असे. गिऱ्हाईक आलं की रतन विचारायचा, काय काम करायचं आहे, आणि त्या कामापुरतं यंत्र द्यायचा. मग कंपनीचे साहेब येऊ लागले. निळ्यांनी सांगितलं, फक्त आमचाच माल ठेवा. लालवाल्यांनीही तेच सांगितलं. एका दुकानाची दोन झाली. तेव्हापासून हे आकडे घरात आले. दर महिन्याला कंपनी आपला आकडा सांगते आणि समोरच्याचाही सांगते. समोरचा जास्त असेल तर फोन येतो. बसस्टँडवर एका बाजूला निळा फलक लागला, 'तालुक्यात क्रमांक एक'. दुसऱ्या बाजूला लाल लागला, त्यावरही तेच. पल्लवीने रतनच्या बायकोशी बोलणं सोडलं. प्रेमानंद रतनचं नाव घेईना, 'तिकडचा' म्हणू लागला.

मागच्या दिवाळीच्या सुमारास चतुराबाई गेली. मी निघाले होते, पायात चपलाही घातल्या होत्या. प्रेमानंद दारात आडवा उभा राहिला. म्हणाला की तिकडे लाल कंपनीची माणसं आलेली आहेत, आपल्या घरचं कोणी गेलेलं निळ्यांना कळलं तर एजन्सी जाईल, पोटावर पाय येईल. मी गेले नाही. तिच्या अंगणात माणसं जमल्याचा आवाज आमच्या न्हाणीपर्यंत येत होता.

भीमराज गेल्यावर क्लास मी बंद केला नाही. टाइपरायटर गेले, त्या जागी सात जुने कॉम्प्युटर आले. सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींना मी सराव करून देते. यंदा त्यांत जवळा बाजार गावची प्रतिक्षा आहे. तिचे वडील जळबा तिथल्या बाजारात कापसाच्या गाठी उचलतात. ती रोज सकाळच्या एसटीने येते आणि दुपारच्या एसटीने जाते. मागच्या परीक्षेत थोडक्यात राहिली होती. कोर्टातल्या कारकुनाच्या जागेसाठी तिला ते सर्टिफिकेट पाहिजे, आणि वय अटीला टेकलेलं. ही परीक्षा गेली तर पुढच्या परीक्षेपर्यंत ती अर्जच करू शकणार नाही, आणि तोवर वय उलटलेलं असेल. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रडगाणं न लावता, एसटीची वेळ सांगावी तसं.

परीक्षा पंधरवड्यावर आली असताना, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, प्रेमानंद म्हणाला, "माय, क्लास थोडे दिवस बंद ठेव. माल येऊन राहिला, खोली लागते."

मी म्हणाले, परीक्षा झाल्यावर घे खोली. तो म्हणाला, मार्च परीक्षेसाठी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मी बँकेतून परत आले तर खोली छतापर्यंत खोक्यांनी भरलेली, वरून ताडपत्री बांधलेली. खोलीबाहेर ओसरीत रिकाम्या खुर्च्या. माझे सात कॉम्प्युटर कुठेच नव्हते.

मी विचारलं तर पल्लवीने सांगितलं. निळ्यांची 'जुना द्या नवा घ्या' योजना होती. जुनं यंत्र जमा केलं की एक नवी विक्री धरली जाते. सातच्या सात टेम्पोत घालून भंगारात गेले होते आणि मुलाच्या आकड्यात सातांची भर पडली होती. त्यांच्या बटणांवरची अक्षरं झिजून गेली होती, तरी मुलींना चालत, कारण मी पाहू देतच नाही. पल्लवी म्हणाली, "तसंबी मरायलाच टेकले होते ते." तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. त्यामुळे मला जास्तच किळस आली.

मुलींना परत पाठवावं लागलं. गावातले दुसरे दोन क्लास भरलेले होते. प्रतिक्षाला मी फोन केला, पण तिची गाडी निघाली होती. ती आली तेव्हा मी तिला ओसरीत पाणी दिलं आणि काय झालं ते सांगितलं. तिने पाणी पिऊन पेला खाली ठेवला. दुपारच्या एसटीला वेळ होता. मी स्वयंपाकघरातून परत आले तर ती खोलीच्या दारात बसलेली. ताडपत्रीचं एक टोक वर सरकवून तिने एक खोका थोडा पुढे ओढला होता, आणि डोळे मिटून त्याच्या झाकणावर दहा बोटांनी टाइप करत होती. टप टप टप. मध्येच थांबायची, चुकलं म्हणून मागे जायची, पुन्हा सुरू.

आत नवा कोरा कॉम्प्युटर होता आणि पोरगी वरच्या पुठ्ठ्यावर बोटं चालवत होती. आयुष्यात मी घाण पुष्कळ पाहिली आहे, पण इतकी स्वच्छ, चिकटपट्टी लावून बंद केलेली घाण पाहिली नव्हती.

मग माझं लक्ष खोक्यावरच्या चिठ्ठीकडे गेलं. ती लाल होती. मी ताडपत्री आणखी वर केली. खालचे, मागचे, भिंतीजवळचे, सगळे खोके लाल कंपनीचे.

रात्रीपर्यंत मी वाट पाहिली नाही. प्रेमानंद दुपारी जेवायला आला तेव्हाच त्याच्या ताटासमोर बसले.

"खोलीतला माल लाल हाय," मी म्हणाले.

"व्हय."

"तो तुझ्या दुकानचा न्हवं."

"रतनचा हाय." पुष्कळ दिवसांनी त्याने ते नाव घेतलं, आणि अगदी सहज घेतलं.

मग त्याने समजावून सांगितलं, मी नवी विद्यार्थिनी असल्यासारखं. दर मार्चला दोघं असंच करतात. वर्षाअखेर कंपनीने सांगितलेला आकडा गाठला नाही तर एजन्सी जाते. एकाचा गाठला आणि दुसऱ्याचा राहिला, तर दुसऱ्याची जाते. म्हणून रतन आपले कॉम्प्युटर इकडे विकल्याचं बिल करतो आणि हा आपले तिकडे विकल्याचं. माल एकमेकांच्या गोदामात राहतो, सील न तोडता; यंदा तिथे मावला नाही म्हणून ही खोली. जूनपर्यंत हळूहळू परत फिरवतात. "दोघंबी बराबर चढलो की दोघांचीबी दुकानं राहतात. हळदीत न्हाई का करत लोकं? त्याच गोण्या इकडून तिकडं."

मी विचारलं, मग बसस्टँडवरचे फलक, तुमची भांडणं? तो हसला. म्हणाला, साहेब लोकांना दिसायला पाहिजे.

"रतनचा हा माल कोणाच्या नावानं बिलात हाय?"

"क्लासच्या. म्हंजे तुझ्याच."

"आन् तुझा, त्याच्याकडचा?"

"काकूच्या नावानं."

"कोणती काकू?"

"चतुराकाकू."

मी म्हणाले, "चतुराबाई तर दिवाळीत गेली."

"आधार कार्ड हाय की," तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा वरणात बुडवला.

मला तिचा पदर आठवला, त्या दोघांची तेलकट बोटं पुसणारा. ज्या बाईने आयुष्यात फक्त एकदा, रतनने हात धरून दाखवलं म्हणून, पडद्यावर आपलं नाव लिहिलं, ती मेल्यावर वसमत तालुक्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक झाली होती. मी म्हणाले, तिच्या मातीला तू मला जाऊ दिलं नाहीस.

"मी गेल्तो की माय," प्रेमानंद म्हणाला, माझी समजूत काढावी तसा. "मागल्या दारानं."

मी त्याच्या ताटासमोरून उठले. न्हाणीत जाऊन मी बराच वेळ तोंड धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी निळ्या कंपनीचे साहेब येणार होते. क्रमांक एक आलेल्या दुकानदाराच्या आईला शाल आणि नारळ देऊन फोटो काढायची त्यांच्यात नवी पद्धत निघाली आहे. पल्लवीने सकाळीच बैठकीत चादर बदलली. प्रेमानंद मला सांगून गेला की क्लासच्या खोलीला कुलूप लाव, साहेबांना बैठकीतच बसव, अकरापर्यंत मी घेऊन येतो.

तो गेल्यावर मी प्रतिक्षाला आणि गावातल्या मुलींना फोन करून बोलावलं. पल्लवीला म्हणाले, तू पोह्यांचं बघ. मग विळी घेऊन खोलीत गेले आणि ताडपत्री ओढून खाली पाडली. पहिल्या खोक्याची चिकटपट्टी विळीने कापली. मग दुसऱ्याची. मुली आधी भीत होत्या. प्रतिक्षा म्हणाली, "बाई, भैया रागवतीन."

"माझ्या नावानं बिल हाय," मी म्हणाले. "माझा माल हाय. खुर्च्या आत आणा."

आम्ही मुलींच्या संख्येइतके खोके उघडले, एकही जास्त नाही. उरलेले भिंतीशी तसेच राहू दिले. जुन्या टेबलांवर नवे कॉम्प्युटर लागले. सुरू केल्यावर प्रत्येक यंत्राने मालकाचं नाव विचारलं, आणि मी प्रत्येकात भीमराज टायपिंग क्लास असं लिहिलं. नव्या प्लॅस्टिकचा वास खोलीभर पसरला. मग मी रिकाम्या खोक्यांतले पुठ्ठे हातांवर लावायला दिले आणि उतारा वाचायला सुरुवात केली.

अकराच्या सुमारास साहेब आले. कोवळा पोरगा होता, शहरातला, चकचकीत बुटांचा. बैठकीत पाऊल टाकलं आणि त्याला बटणांचा आवाज आला. "इथे क्लासपण आहे?" म्हणत तो सरळ खोलीच्या दारात गेला. त्याच्यामागे प्रेमानंद. मुलाचा चेहरा मी पाहिला आणि वाचन थांबवलं नाही.

साहेबाने टेबलांवरून नजर फिरवली. प्रत्येक पडद्याखाली लाल चिन्ह. भिंतीशी लाल खोक्यांची थप्पी. तो हळू आवाजात म्हणाला, "प्रेमानंदजी, तुमच्या स्वतःच्या आईंनी लाल घेतले?"

प्रेमानंदने खिशातला फोन उगाच काढून पाहिला. काय बोलणार होता? विक्री खोटी आहे म्हणावं तर स्वतःचीही खोटी ठरत होती.

साहेब माझ्याकडे वळला. "आई, त्यांनी काय सवलत दिली तुम्हाला?"

"सवलत काही न्हाई," मी म्हणाले. "बिल माझ्या नावानं झालं, मी खोके उघडले."

मला वाटलं होतं त्याला कळेल. त्या थप्पीकडे पाहून कोणालाही कळलं असतं. इतक्याशा खोलीत इतके कॉम्प्युटर कोण कशाला घेईल? पण त्याला थप्पी दिसतच नव्हती, आकडा दिसत होता. त्याने उभ्या उभ्या फोनवर काहीतरी टिपलं, खोलीचा फोटो काढला, आणि मुलाला बाजूला घेऊन सुनावलं की लालवाले आता डीलरच्या घरात शिरले आहेत, एका एका क्लासला एवढा माल देतायत, आणि तुम्ही झोपलात. पुढच्या वर्षीचा आकडा आपण वाढवून घेऊ, म्हणाला. दीडपट तरी. प्रेमानंदने मान हलवली. मग साहेबाने घाईने माझ्या खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला, आणि फोटोत लाल काही येऊ नये म्हणून मला कोऱ्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. पोहे न खाताच गेला.

प्रेमानंद ओसरीत परत आला. "माय, तू मला बुडवलंस. सील तोडलेला माल रतनला नवा म्हणून विकता येत न्हाई आता."

"विकला होता ना त्यानं मला?"

तो बसून राहिला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं मला. पण तो खाली मान घालून दीडपटीचा हिशेब करत होता. ओठ हलत होते. तेवढ्यात त्याने फोन काढून रतनला लावला, आणि पुढच्या मार्चला दोघांनाही किती वाढवावं लागेल ते बोलू लागला. मी आत आले.

संध्याकाळी, मुली गेल्यावर रतनसिंग आला. मागल्या दाराने. कपाळावरचे केस मागे गेलेले, पोट सुटलेलं, पण खोलीच्या उंबऱ्याशी चपला काढल्या तशाच, लहानपणी काढायचा तशा. मी तेवढ्याने विरघळले, खोटं कशाला बोलू. मी त्याला बस म्हणाले. तो स्टुलावर बसला. मी म्हणाले, "तुझ्या मायच्या मातीला मला येऊ दिलं न्हाई तुमी दोघांनी. धपाटे खाऊन वाढलात रे तुमी इथं."

त्याने मान खाली घातली. मला वाटलं रडतो आहे. मी पाणी आणायला उठणार, तेवढ्यात त्याने मान वर केली.

"बाई," तो म्हणाला, "रिकामे खोके फेकले तर न्हाईत ना? आमचे साहेब परवा बिलाचा माल इथं मोजायला येऊन राहिले. ते खोकेच मोजतेत."

मी माळ्यावरून खोके काढून दिले. त्याने जागच्या जागी बसून प्रत्येक खोक्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबली, चिकटपट्टी लावली, हाताने दाबून नीट बसवली, आणि भिंतीशी थप्पीत मांडून ठेवली. जाताना माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले.

उघडलेले कॉम्प्युटर मात्र राहिले. ते परत न्यायला कोणी येणार नव्हतं, कारण ते विकले गेले होते, हे दोन्ही कंपन्यांना पक्कं माहीत होतं.

सकाळी पहिल्या एसटीने प्रतिक्षा आली. कागद भरलेल्या खोक्यांना वळसा घालून आपल्या जागेवर बसली, हातांवर पुठ्ठा लावला आणि सुरू झाली. ती बटणांवर इतक्या जोरात बोटं आपटत होती की टेबल हलत होतं. परवा खोक्यावर आपटलेली बोटं अजून तशीच पडत होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"हळू, पोरी," मी म्हणाले. "आता खाली बटणं हायेत."